मर्यादा आणि वेळापत्रक : थर्मोस्टॅटचा हिशेब

उन्हाळ्यातील विजेचे बिल हाती पडले की पेढीपेढीवर एकच चर्चा सुरू होते. कोणी दराला दोष देतो, कोणी मीटरला, कोणी यंत्राच्या वयाला. ही कारणे काही वेळा खरीही असतात. तथापि ज्या एका गोष्टीवर आपला पूर्ण ताबा आहे आणि जी बदलण्यास एक रुपयाही लागत नाही, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे एसीवर लावलेला आकडा आणि तो लावण्याची वेळ. या महिन्यात त्याच आकड्याचा हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

हा आकडा ज्या उपकरणाच्या स्वाधीन असतो त्यास थर्मोस्टॅट म्हणतात. त्याच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. हिवाळ्यात वर्ग किती गरम झाला आहे हे पाहण्यासाठी तेथील शिपायाला वरचेवर प्रत्येक वर्गात डोकवावे लागे आणि मग तळघरात जाऊन झडपा उघडाव्या वा मिटाव्या लागत. खोलीचे तापमान बदलताच तळघरात घंटी वाजावी, अशी विद्युत योजना जॉन्सन यांनी केली. १८८३ साली तिला पेटंट मिळाले. आज घंटीची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटने आणि शिपायाची जागा कॉम्प्रेसरने घेतली असली, तरी मूळ काम बदललेले नाही. खोलीचे तापमान पाहायचे, ठरवून दिलेल्या आकड्याशी ते ताडायचे आणि यंत्राला निरोप द्यायचा, एवढेच थर्मोस्टॅटचे काम. तो निरोप्या आहे. मालक आपण आहोत.

हे ध्यानात घेतले की सर्वांत मोठा गैरसमज आपोआप दूर होतो. बाहेरून घामाघूम होऊन आलेला मनुष्य रिमोट हाती घेतो आणि आकडा थेट १६ वर नेतो. १६ वर लावल्याने खोली लवकर थंड होईल, असा त्याचा समज असतो. वस्तुतः खोलीत ३४ अंश असताना २४ लावा किंवा १६ लावा, साधा एसी दोन्ही वेळा आपल्या पूर्ण शक्तीनेच चालतो. इन्व्हर्टर एसी इच्छित तापमान जवळ आल्यावर वेग कमी करतो, म्हणून अगदी शेवटच्या टप्प्यात थोडा फरक पडतो, इतकेच. १६ या आकड्याचा खरा अर्थ ‘लवकर’ असा नसून ‘अजून थांबू नकोस’ असा आहे. कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा वाढवून घेतली म्हणून माल लवकर विकला जात नाही. व्याज वाढण्याची वाट मात्र मोकळी होते. एसीचेही तसेच आहे.

आता हा आकडा खाली नेल्याने खर्च का वाढतो ते पाहू. बाहेरची उष्णता भिंती, काचा आणि छत यांतून आत शिरते आणि तिचे प्रमाण बाहेरच्या व आतल्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. बाहेर ३८ अंश असताना आत २४ ठेवले तर हे अंतर १४ अंशांचे. १८ ठेवले तर २० अंशांचे. म्हणजे भिंतींतून आत येणारी उष्णता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. एसी ती दिवसभर बाहेर फेकत राहतो. शिवाय अंतर जितके मोठे, तितके प्रत्येक युनिट विजेमागे होणारे कामही कमी. खर्च असा दुहेरी वाढतो.

एसीवर तारांकनाचे लेबल ज्या व्यवस्थेखाली लागते, ती ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही केंद्र सरकारची संस्था तापमान १ अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे सांगते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले असणे बंधनकारक झाले, ते याच विचाराने. ग्राहक तो आकडा बदलू शकतो. पण न बदलणाऱ्याचे नुकसान होऊ नये, ही त्यामागील दृष्टी.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. एका दुकानात ४ एसी आहेत आणि प्रत्येकी दिवसाला ८ युनिटे खर्च होतात असे धरले, तर ३० दिवसांची ९६० युनिटे झाली. आकडा २० वरून २५ वर नेला आणि प्रत्येक अंशाला ६ टक्के घट चढत्या क्रमाने धरली, तर खर्च सुमारे ७०५ युनिटांवर येतो. २५५ युनिटे वाचली. आपल्या बिलावरील प्रतियुनिट दराने या संख्येला गुणावे आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा आकडा काढावा. प्रत्येक दुकानाची घडण वेगळी असल्याने हा अंदाज आहे. परंतु दिशा निश्चित आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘२५ वर गिऱ्हाईक बसेल काय?’ शंका रास्त आहे. मनुष्याला वाटणारा गारवा केवळ तापमानावर ठरत नाही. हवेचा झोत आणि हवेतील दमटपणा यांवरही ठरतो. छताचा पंखा मंद गतीने चालू ठेवला, तर आकडा सुमारे २ अंश वर नेऊनही तितकेच सुख मिळते. दीड टनाचा एसी पूर्ण शक्तीने चालताना साधारण दीड किलोवॅट वीज घेतो. नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. मुंबई-कोकणातील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्रास उष्णतेपेक्षा ओलाव्याचा असतो. तेथे आकडा खाली नेण्यापेक्षा रिमोटवरील ‘ड्राय’ हे बटण अधिक उपयोगी.

यंत्र तापमान मोजते तरी कोठे, हाही प्रश्न महत्त्वाचा. स्प्लिट एसीत संवेदक सहसा आतल्या यंत्रातच, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या मार्गात असतो. म्हणजे तो छताजवळची हवा मोजतो, गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाजवळची नव्हे. माझ्या परिचयाच्या एका कापड-दुकानात यावरून बराच वाद झाला. गल्ल्यावरचे वडीलधारे एसीच्या अगदी खाली बसत आणि उन्हाळ्यातही खांद्यावर शाल घेत. मागील भागात साड्या उलगडून दाखवणारे नोकर घामाने भिजत. मुलगा आकडा खाली करी, वडील वर करीत, आणि दिवसातून दहा वेळा चाललेल्या या ओढाताणीला पुढे कटुतेचे रूप येऊ लागले. अखेर साधा तापमापक आणून दोन्ही जागी ठेवण्यात आला. फरक तब्बल ४ अंशांचा निघाला. वडीलही खरे आणि मुलगाही खरा. चुकत होती ती हवेची वाटणी. तुंबलेली जाळी धुतली, पश्चिमेच्या काचेला पडदा लावला, मागे एक पंखा बसवला आणि आकडा २५ वर कायम केला. वाद पुन्हा उद्भवला नाही. रिमोटवरून भांडण्यापूर्वी मोजून पाहावे, हा त्यातील धडा.

सराफी पेढ्यांनी दिव्यांकडेही लक्ष द्यावे. ५० वॅटचा हॅलोजन दिवा घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो. असे ४० दिवे म्हणजे २ किलोवॅटची शेगडीच. १ टन एसी म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. त्या हिशेबाने अर्ध्या टनाहून अधिक थंडावा केवळ दिव्यांवर खर्ची पडतो. जुने हॅलोजन अद्याप असतील, तर एलईडी बसवणे हा एसीचाच खर्च वाचवण्याचा मार्ग आहे.

आकड्यानंतर वेळापत्रक. ‘एसी बंद करून पुन्हा चालू केला तर अधिक वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवावा,’ असे पुष्कळजण सांगतात. खोली तापू दिली की आत-बाहेरचे अंतर घटते आणि आत शिरणारी उष्णताही घटते. पुन्हा थंड करण्यास लागणारी वीज या बचतीहून सहसा अधिक होत नाही. म्हणून तास-दोन तास खोली रिकामी राहणार असेल तर एसी बंद करणेच हिताचे. मोठ्या दुकानांतील कॅसेट वा डक्टच्या यंत्रांना भिंतीवरचा नियंत्रक असतो आणि त्यांतील अनेकांत साप्ताहिक टायमरची सोय असते. तो एकदा बसून भरावा. दुकान उघडण्यापूर्वी १५-२० मिनिटे चालू. दुपारच्या सुटीत बंद किंवा २८ वर. सूर्यास्तापूर्वी घरी जेवून पुन्हा पेढीवर येण्याची रीत असेल, तर त्या तासात आतल्या कचेरीचा एसी बंद. आणि दुकान मिटण्याआधी २० मिनिटे केवळ पंखा. भिंती आणि माल यांत साठलेला गारवा तेवढा वेळ पुरतो. साप्ताहिक सुटीचा दिवस टायमरमध्ये वेगळा नोंदवावा, अन्यथा रिकामे दुकान थंड होत राहील. ज्यांच्या बिलात वेळेनुसार वेगवेगळा दर लागू आहे, त्यांनी बिलावरील कालखंड पाहून स्वस्त वेळेत दुकान आधीच गार करून घ्यावे.

घरी झोपेचे वेळापत्रक असावे. बहुतेक रिमोटवर ‘स्लीप’ हे बटण असते. ते दाबल्यावर यंत्र रात्री टप्प्याटप्प्याने १-२ अंश वर जाते. पहाटे शरीराला कमी गारवा लागतो. वृद्ध आणि तान्ही मुले यांच्या अंगावर थेट झोत येऊ नये, हे मात्र आकड्याइतकेच महत्त्वाचे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि आईवडील काही महिने तेथे राहून येतात. तेथील घरात भिंतीवरचा एकच थर्मोस्टॅट हिवाळ्यात उष्णता आणि उन्हाळ्यात गारवा असे दोन्ही पाहतो. त्याचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात : ६८ म्हणजे २० सेल्सिअस आणि ७८ म्हणजे सुमारे साडेपंचवीस. ‘हीट’, ‘कूल’, ‘ऑफ’ या खुणा ऋतूप्रमाणे निवडाव्या लागतात. उठणे, बाहेर जाणे, परतणे आणि झोपणे असे दिवसाचे चार भाग करून प्रत्येकाचा आकडा आधीच भरून ठेवता येतो. दिवसातील ८ तास आकडा ७ ते १० अंश फॅरनहाइटने मागे घेतल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असे त्या देशाच्या ऊर्जा विभागाचे सांगणे आहे.

तरीही तेथील सरकारी ‘एनर्जी स्टार’ योजनेने २००९ च्या अखेरीस अशा थर्मोस्टॅटला मान्यता-चिन्ह देणे थांबवले होते. उपकरणात दोष नव्हता. लोक ते विकत घेत, पण त्यात वेळापत्रक भरत नसत. पुष्कळजण ‘होल्ड’ हे बटण दाबून भरलेले वेळापत्रकही स्थगित करून टाकत. भांडवल गुंतवून ते पडून ठेवावे, तसाच हा प्रकार. म्हणून मुलांच्या घरी थंडी वाटली, तर ‘होल्ड’ कायमचे न दाबता दोन तासांपुरता बदल करावा आणि मुलांना सांगावे.

दोन सूचना विशेष जपाव्यात. पहिली, हिवाळ्यात घर बंद करून भारतात येताना हीटिंग पूर्ण बंद करू नये. नळांतील पाणी गोठून पाइप फुटतात. ५५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसच्या खाली आकडा नेऊ नये. दुसरी, बचतीसाठी वृद्धांनी थंडीत कुडकुडू नये. हिवाळ्यात घरातील तापमान १८ सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे.

सारांश इतकाच, की आकडा कोणी, कधी आणि किती बदलावा हे गरम डोक्याने त्या क्षणी ठरवू नये. शांतपणे, सर्वांनी एकत्र बसून, तापमापक समोर ठेवून एकदा ठरवावे. पुढचे काम निरोप्या चोख करतो. येत्या महिन्यात हा प्रयोग करावा. गतवर्षीच्या त्याच महिन्याचे बिल शेजारी ठेवावे आणि रुपयांची नव्हे, युनिटांची तुलना करावी, कारण दर बदलतात. जो फरक निघेल तो वहीत नोंदवावा. महिनाअखेरीस बेरीज तपासण्याची सवय ज्या घराण्यांच्या हाडीमासी आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.