सकाळचा राहिलेला एक लिटर

गेल्या रमजानमध्ये माझ्या मामूंची कोलोनोस्कोपी ठरली. शौचावाटे रक्त जात होते, म्हणून डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगितली. हातात पावडरचे पाकीट आणि इंग्रजीत छापलेला कागद देऊन त्यांना घरी पाठवले. मामू उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कागद मुलाने वाचून दाखवला: एक लिटर आदल्या संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला. पण सकाळी तर रोजा! मामूंनी आपणच तोडगा काढला आणि इफ्तारनंतर दोन्ही लिटर संपवले. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली, तर आतड्याची उजवी बाजू चिकट थराने माखलेली. पुन्हा तारीख, पुन्हा खर्च, पुन्हा तीच धाकधूक.

चूक कोणाची? मामूंची म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

पोट साफ करण्याची औषधे तीन-चार प्रकारची असतात. मामूंना दिलेली पावडर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेगची. ती अंगात फारशी शोषली जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे वयस्कर आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ती त्यातल्या त्यात सुरक्षित. तोटा एकच, दोन ते चार लिटर खारट पाणी घशाखाली उतरत नाही. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली प्यायला सोपी, पण तिने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्ये या औषधांबाबत कडक इशारा दिला होता. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमचे मिश्रण चवीला बरे, पण त्यासोबत भरपूर पाणी प्यावेच लागते आणि अधू मूत्रपिंडाला मॅग्नेशियम सोसत नाही. एनिमाने फक्त शेवटचा भाग साफ होतो. इसबगोल किंवा एरंडेल यांची जागा घेऊ शकत नाही.

पण कोणते औषध, याइतकेच ते कधी घेतले हेही महत्त्वाचे आहे. संध्याकाळी आतडे साफ झाले तरी रात्रभर लहान आतड्यातून पाचकरस खाली उतरत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतात. सकाळचा डोस तो थर धुऊन काढतो. पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या काही चपट्या गाठी याच बाजूला लपून असतात. भूल देण्याआधी किमान दोन तास मात्र पिणे थांबवावे लागते, म्हणून वेळ काटेकोर पाळायची. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, हेही डॉक्टरांना आधीच विचारायचे.

हे दोन वाक्यांत मामूंना कोणी सांगितले असते, तर त्यांनी ऐकले असते. वीस वर्षे शिकवून मला एक कळले आहे: कारण न सांगितलेला नियम मुले पाळत नाहीत, मग मोठी माणसे तरी का पाळतील? दवाखान्यांनी मराठीत आणि उर्दूत एक पान छापायला कितीसा खर्च येतो?

आणि थोडे आपल्याबद्दल. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत सूरह बकरहमध्येच दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कसली परहेजगारी? पण मामूंनी ना डॉक्टरांना विचारले, ना इमामसाहेबांना. जुलाब, शौच, दुर्बीण हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तहारतचे मसले लहानपणापासून शिकणाऱ्या समाजाला पोट साफ करण्याबद्दल बोलायची लाज वाटावी, याचे मला नवल वाटते.

ईदनंतर तपासणी पुन्हा झाली. या वेळी कागद मी उर्दूत लिहून दिला, वेळा आणि कारणांसकट. सकाळी पाचला मामी ग्लास घेऊन बाजूला बसल्या होत्या. उजव्या बाजूला एक पॉलिप सापडला, तो तिथेच काढला. पहिल्या वेळी तो थराखाली झाकलेला राहिला होता.