टर्बोचा सांडवा

मित्रांनो, धरणाला सांडवा असतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि भिंत वाचते. असाच एक छोटासा सांडवा काही मोटारींच्या इंजिनालाही असतो, बरं का!

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं आणि तापलेला धूर जोरात बाहेर पडतो. हा जोर फुकट का घालवायचा? स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. धुराच्या वाटेत एक छोटं चाक बसवायचं. धुराच्या झोताने ते भिरभिऱ्यासारखं गरगर फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा मिळाली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजेच जास्त ताकद! या जादा दाबाला म्हणतात ‘बूस्ट’.

पण गंमत अशी, की जास्त हवेमुळे धूरही वाढतो आणि चाक आणखी जोरात फिरतं. त्याला आवरायला ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. बूस्ट ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि थोडा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. हाच आपला सांडवा!

आता समजा, एखाद्या हौशी दादाने गाडीला रुंद, मोकळा एक्झॉस्ट बसवला. चाकापुढचा अडथळा कमी झाला, म्हणून चाक जास्तच जोरात फिरू लागलं. वेस्टगेटचं भोक मात्र तेवढंच! ते पूर्ण उघडलं तरी पुरत नाही. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात तसा बूस्ट चढतच जातो. याला ‘बूस्ट क्रीप’ म्हणतात.

१९९१ ते २००२ या काळात निघालेली जपानची माझदा आरएक्स-७ यासाठी प्रसिद्ध आहे. तिचा मूळ बूस्ट दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड. एक्झॉस्ट मोकळा केला की तो या मर्यादेत राहीना. पेट्रोल पुरवणारी यंत्रणा तर मूळ बूस्टचा हिशेब धरून केलेली. मग हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, मिश्रण भलत्याच वेळी भडकतं आणि आत हातोड्याचे घाव बसावेत तसे धक्के बसतात. या गाडीत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर असतात. त्यांच्या टोकांवरच्या नाजूक पट्ट्या अशा धक्क्यांनी तुटतात आणि इंजिन निकामी होतं.

मग बूस्ट कमी करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला की झालं? नाही! झडप आधीच पूर्ण उघडी आहे. तिला ‘आणखी उघड’ असं सांगून काय उपयोग? जाणकार मेकॅनिक वेस्टगेटचं भोक मोठं करतात किंवा मोठा वेस्टगेट बसवतात. पेट्रोलचा हिशेबही नव्याने जुळवतात. बूस्ट दाखवणारा काटा बसवून हळूहळू चाचणी घेतात. काटा मर्यादेपुढे सरकू लागला, की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढायचा!

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करू देत नाही, हेही घरातल्या हौशी दादाला सांगा हं.

करून पाहा : प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड आईबाबांकडून कापून घ्या आणि मधोमध एक भोक पाडून घ्या. बाटली नळाखाली धरा. धार बारीक असेल तर पाणी भोकापाशीच थांबतं. धार वाढवा, पाणी भोकाच्या वर चढू लागेल. आता भोक मोठं करून घ्या आणि काय होतं ते बघा. खाली बादली ठेवा, पाणी कुंड्यांना घालता येईल.

आणि हे कोडं : बूस्ट क्रीपचा त्रास कडक थंडीत जास्त होतो. का बरं? थंड हवा गरम हवेपेक्षा दाट असते, एवढीच खूण देतो. विचार करा. उत्तर पुढच्या अंकात!