अनियंत्रित सत्ता आणि तिचा कारकून

जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजीशी माझी झटापट अजून चालू आहे, त्यामुळे सुट्टी संपली तरी कादंबरी संपली नव्हती, हे प्रांजळपणे कबूल करतो. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकावर मित्रांत चर्चा झाली, तेव्हा सगळे भिंतीवरच्या त्या 'थोरल्या भावा'च्या चित्राविषयीच बोलले. 'असले काही आपल्याकडे होणे नाही,' असेही एकाने ठामपणे सांगितले. माझे मत वेगळे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मला भीती वाटली ती नायकाची, विन्स्टनची. हा कोणी क्रांतिकारक नव्हे, सरकारी खात्यातला कारकून आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलायचा, हे त्याचे काम. चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीसवर येतो आणि लगोलग, शिधा वीस ग्रॅमपर्यंत 'वाढवल्या'बद्दल सरकारचे आभार मानले जातात! जुना आकडा पुसण्याची किमया विन्स्टनसारख्यांच्या टेबलावर घडते. तो मनातून सत्तेचा द्वेष करतो, पण काम मन लावून करतो. त्या कामात त्याला आनंदही वाटतो. तिथे मी पुस्तक मिटले. मला आजोबांच्या गोष्टीतले गुरुजी आठवले.

आणीबाणी २५ जून १९७५ ला पुकारली गेली. ही गोष्ट १९७६ च्या हिवाळ्यातली, आपली हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची. गावातले गुरुजी पापभीरू माणूस. ओढ्याला पूर आला तर पोरांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचे. तेच गुरुजी एका संध्याकाळी रजिस्टर घेऊन दारोदार फिरू लागले. नसबंदीच्या 'केसेस' आणल्याशिवाय पगार मिळणार नाही, असे त्यांना वरून बजावले होते. पहाटे जीप यायची. आजोबांनी तीन रात्री तुरीत काढल्या. माझ्या वडिलांचा जन्म १९७८ चा, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

चुलत आजोबा मात्र सापडले. त्यांना एकच मुलगी होती. रजिस्टरात तीन लेकरे लिहिलेली होती.

ती दोन लेकरे कुठून आली? विन्स्टनच्या टेबलावरून आली, असे मी म्हणतो. आमच्या गावात भिंतीवर कोणाचे चित्र नव्हते, ऐकणारे यंत्र नव्हते. एक आकडा मुंबईहून निघाला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून शाळेत आला आणि गुरुजींच्या बोरूने चुलत आजोबांच्या नावापुढे बसला. (बोरू नव्हे, फाउंटन पेन असेल, आजोबा बोरूच म्हणतात.) १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचेच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण मराठवाड्याचे. जायकवाडीसाठी त्यांचे नाव आजही आपण आदराने घेतो. म्हणजे सत्ता बेलगाम व्हायला राक्षसच लागतो असे नाही.

कोणी म्हणेल, कोर्ट होते की. कोर्टाची अवस्था काय होती ते पाहा. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले : एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर दाद कुठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे खन्ना विरुद्ध गेले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले, आणि ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत चंद्रचूडांचे चिरंजीव होते. एकेचाळीस वर्षे! चुलत आजोबा त्याआधीच गेले.

खन्नांची गोष्ट वर्गात सांगायला छान आहे. पण खन्नांचे पद गेले, चूल विझली नाही. गुरुजींना पाच लेकरे होती. मी आजोबांना विचारले, तुम्हाला त्यांचा राग येत नाही का? आजोबा म्हणाले, "यायचा की. पन त्याचा पगार तीन महिने अडला व्हता. मह्या घरूनच जवारी गेली त्याला." ज्याच्यापासून लपायचे त्यालाच ज्वारी द्यायची! हे ऑर्वेलच्या पुस्तकात मला कुठे सापडले नाही.

पदवी झाली की तलाठी भरतीला बसायचे मी ठरवले आहे. घरची कोरडवाहू चार एकर, दुसरा मार्ग दिसत नाही. परवा आजोबांना हे सांगितले. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "म्हंजी तुह्याकडं बी रजिस्टर राहील?"

मी हो म्हणालो.