वैद्य येईपर्यंत

तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. याच तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवून तेथे औषधांचा अभ्यास करविला, हेही अनेकांना ठाऊक असते. परंतु तंजावरच्या राज्यातील एका वेगळ्या व्यवस्थेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती व्यवस्था म्हणजे छत्रे. रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर ठिकठिकाणी ही छत्रे उभारलेली होती. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. सरफोजी राजांनी १८०१ साली कंपनी सरकारच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आले आहे. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला, मग तो कोणत्याही जातीचा असो, तेथे अन्न मिळे. जो वाटेत आजारी पडे, त्याला औषध व पथ्याचे अन्न देऊन बरे वाटेपर्यंत सांभाळले जाई. अडलेल्या बाळंतिणीची आणि पोरक्या मुलांचीही तेथे काळजी घेतली जाई.

या व्यवस्थेमागील विचार साधा आणि खोल होता. माणूस राजवाड्याच्या दारात आजारी पडत नाही, तो वाटेत आजारी पडतो. म्हणून मदतही वाटेवरच हवी. शरीराच्या आजाराबाबत ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना उमगली होती. मनाच्या आजाराबाबत मात्र ती आपल्याला अजून पुरती उमगलेली नाही, असे मला वाटते.

मनाचे संकट कोठे उभे राहते याचा विचार करा. परीक्षेचा निकाल लागलेल्या दिवशी एखादा मुलगा घराच्या मागच्या खोलीत दार लावून बसतो. कर्जाच्या हप्त्याची नोटीस आलेला शेतकरी बांधावर एकटाच बसून राहतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एखादी बाई जेवणे-बोलणे सोडून देते. कुणाला भास होऊ लागतात आणि तो रस्त्यावर ओरडत सुटतो. या क्षणी तेथे कोण असते? डॉक्टर नसतो. असते ती आई, शेजारीण, वर्गशिक्षक, बसचा वाहक, बियाणे-खतांचा दुकानदार किंवा चौकीतला पोलीस शिपाई. त्या पहिल्या तासात जे घडते किंवा घडायचे राहून जाते, त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञांची संख्या लाख लोकसंख्येमागे सरासरी एकदेखील भरत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रासलेल्या शंभर लोकांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्र पहिला आणि तमिळनाडू दुसरा होता. तंजावरने जोडलेल्या या दोन प्रांतांना दुर्दैवाने हे दुःखही जोडते. अशा स्थितीत केवळ तज्ज्ञांची वाट पाहणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

तंजावर परिसराने २००४ साली हे फार जवळून अनुभवले. त्या वर्षी १६ जुलै रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्याला सहा महिनेही झाले नव्हते, तोच २६ डिसेंबरला समुद्र खवळला आणि शेजारच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे त्सुनामीने नेली. नागपट्टिणम हा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग होता. एवढ्या मोठ्या शोकाला पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ कोणत्याही देशात नसतात. त्या वेळी बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने म्हणजे 'निम्हान्स'ने समाजातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला. ज्यांचे घर वाहून गेले, ज्यांचे मूल हाती लागले नाही, त्यांच्याजवळ कसे बसावे, त्यांचे कसे ऐकावे आणि कोणाला डॉक्टरांकडे न्यावे, हे या माणसांना शिकविण्यात आले. शोकाकुल माणसाला आधार देणे ही केवळ स्वभावाची देणगी नसून शिकता येणारी विद्या आहे, ही गोष्ट या प्रयत्नाने ठळकपणे पुढे आणली.

तमिळनाडूला ही कल्पना नवी नव्हती. चेन्नई येथे १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. जगण्याचा कंटाळा आलेल्या, मरणाचा विचार मनात घोळणाऱ्या माणसांशी तेथे स्वयंसेवक बोलतात. हे स्वयंसेवक डॉक्टर नसतात. ऐकण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली ती साधी माणसे असतात. महाराष्ट्र आणि गोव्याकडे पाहिले तरी हाच अनुभव येतो. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अशा समुपदेशकांची मदत मिळाली, तेव्हा ते अधिक प्रमाणात बरे झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. विदर्भातील अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविला गेला. तेथे गावातीलच कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलू लागले. परिणामी नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत वाढले. औषधे आणि डॉक्टर पूर्वीही होतेच. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट दाखविणारे माणूस तेवढे नव्हते.

मग या प्रशिक्षणात शिकवतात तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचे सार तीन क्रियांत सांगता येते: पाहा, ऐका आणि जोडून द्या. पाहा म्हणजे धोका कितपत आहे, माणूस सुरक्षित आहे का, त्याला अन्नपाणी, निवारा हवा आहे का, हे आधी जाणून घ्या. ऐका म्हणजे उपदेश न करता, मध्येच न तोडता, त्याला बोलू द्या. तो गप्प राहिला तर त्या शांततेतही त्याच्याजवळ बसा. जोडून द्या म्हणजे घरच्या माणसांशी, आरोग्य केंद्राशी, तज्ज्ञांशी त्याची गाठ घालून द्या.

ऐकायला हे सोपे वाटते. करायला ते सोपे नाही. दुःखी माणूस समोर आला की आपल्या तोंडून काय निघते? 'एवढ्याशा गोष्टीने काय होते?', 'देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल', 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले आहेत.' यांत वाईट हेतू नसतो, पण ऐकणाऱ्याला वाटते की आपले दुःख कोणाला कळलेच नाही. मग तो पुन्हा बोलत नाही. आणखी एक समज आपल्याकडे पक्का आहे. मरणाविषयी विचारले तर तो विचार माणसाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती लोकांना वाटते. अभ्यासकांचा अनुभव याच्या उलट आहे. 'तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे आपुलकीने आणि सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट कोंडलेले मन मोकळे होण्याची संधी मिळते. मात्र हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि उत्तर 'होय' आले तर त्या माणसाला एकटे न सोडता मदतीपर्यंत नेण्याची रीत, या दोन्ही गोष्टी सरावानेच अंगी येतात.

या विचारावर आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पहिला आक्षेप असा, की अर्धवट शिकलेला माणूस नुकसान करील. अर्धी हळकुंड मिळताच पिवळे होणारे लोक असतात, हे खरे. परंतु चांगल्या प्रशिक्षणाचा निम्मा भाग काय करू नये हाच असतो. निदान करू नये, औषध सुचवू नये, ऐकलेले चारचौघांत बोलू नये आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेथे थांबून वाट दाखवावी. सापडलेल्या मर्यादा पाळणारा शेजारी धोकादायक नसतो. मर्यादा ठाऊकच नसलेला शेजारी धोकादायक असतो. २००१ सालच्या ६ ऑगस्टला तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. वेदनेशी कसे वागावे हे ज्या समाजाला ठाऊक नसते, तो तिला बांधून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा नव्हे तर मदत द्यावी, असेही तो कायदा सांगतो. पण कायदा कागदावरून रस्त्यावर यायचा तर त्या रस्त्यावरच्या पोलिसाला, शिक्षकाला आणि शेजाऱ्याला तो शिकवावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन सरकार आपली जबाबदारी झटकेल, डॉक्टर नेमायचे टाळेल, असे काहीजण म्हणतात. ही भीती मला मान्य आहे. छत्र होते म्हणून धन्वंतरी महालाची गरज सरफोजी राजांना संपली नव्हती. वाटेवरची मदत आणि मुक्कामाची मदत या दोन्ही हव्यात. जोडून देण्यासाठी पलीकडे कोणीतरी असावेच लागते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की प्रत्येक गावात आणि प्रभागात काही व्यक्तींना हे शिक्षण मिळावे. पण त्यांच्या पाठीशी जिल्ह्याचे मानसोपचार पथक उभे असावे, दर महिन्याला त्यांची भेट व्हावी, आणि दुसऱ्याचे दुःख ऐकून ऐकून स्वतः थकलेल्या कार्यकर्त्यालाही मन मोकळे करण्याची जागा असावी. राबणाऱ्या हातांना मानधन मिळावे, हेही न्यायाचेच आहे.

प्रशिक्षण कोणाला द्यावे, याचे उत्तर त्या त्या मातीत शोधावे लागते. कावेरीच्या मुखाजवळची भूमी शेतीवर जगते. २०१८ च्या १६ नोव्हेंबरला 'गजा' चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाड, पट्टुकोट्टै भागांत नारळाच्या बागा आडव्या केल्या. पडलेले झाड मोजता येते, त्याची भरपाई ठरविता येते. नवे रोप फळाला येईपर्यंतची वर्षे कशी काढायची या विचाराने सुन्न झालेला माणूस कोणत्याही पंचनाम्यात मोजला जात नाही. त्याला ओळखणार कोण? सहकारी सोसायटीचा सचिव, पंचनाम्याला आलेला कर्मचारी, कीटकनाशकांचा विक्रेता. म्हणून प्रशिक्षणाच्या यादीत ही नावे आधी हवीत. याच खोऱ्यातील कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नारकोइल परिसरातील दोन गावांत, शेतकऱ्यांनी कीटकनाशके घरात न ठेवता कुलूपबंद पेट्यांतून सामाईक कोठीत ठेवावीत असा प्रयोग झाला. त्या गावांत आत्महत्या घटल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोठीपर्यंत चालत जाण्याच्या अवधीत मनातील लाट ओसरू शकते. आणि त्या वाटेवर एखादा जाणता माणूस भेटला तर?

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर काम करून रात्री हा पाठ वाचत असाल. कोणी दुकानात असेल, कोणी रिक्षा चालवीत असेल, कोणी घर सांभाळीत असेल. शाळा मध्येच सुटली म्हणून असे काम आपल्या योग्यतेचे नाही, असे कृपया समजू नका. या कामाला पदवी लागत नाही. लागतो तो धीर, गुप्तता राखण्याची सवय आणि शिकण्याची तयारी. ज्याने स्वतः कठीण दिवस पाहिले आहेत, त्याच्यापाशी यांपैकी पुष्कळ आधीच असते. तुम्हाला स्वतःलाच असा आधार हवा असेल, तर तो मागण्यातही कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

छत्रे उभारायला राजाचा खजिना लागला. मनाच्या वाटसरूसाठी छत्र उभारायला तेवढा खजिना लागणार नाही. शिकलेले दोन कान आणि थांबायला तयार असलेला एक माणूस, एवढ्याने त्याची सुरुवात होते. वैद्य येईलच, यायलाच हवा. पण तो येईपर्यंत त्या माणसाजवळ कोण बसणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.