स्किलाची : एका उन्हाळ्याचा नायक आणि इटलीपुढील प्रश्न

इटलीचे माजी फुटबॉलपटू साल्व्हातोरे स्किलाची यांचे १८ सप्टेंबर २०२४ रोजी पालेर्मो येथे कर्करोगाने निधन झाले. ते ५९ वर्षांचे होते. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी शहरातील रेन्झो बार्बेरा स्टेडियमवर ठेवण्यात आले. जगभर ‘तोतो’ या नावाने ओळखले गेलेले स्किलाची व्यावसायिक कारकिर्दीत पालेर्मो संघाकडून कधीच खेळले नव्हते, तरीही शहराने त्यांना आपला सुपुत्र म्हणूनच निरोप दिला.

इटलीच्या राष्ट्रीय संघातर्फे स्किलाची अवघे १६ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ७ गोल केले. यांपैकी ६ गोल १९९० च्या विश्वचषक स्पर्धेतील चार आठवड्यांतले आहेत. एवढ्या अल्प कामगिरीवर एखादा खेळाडू राष्ट्राच्या स्मृतीत कायमचे स्थान मिळवतो, याचे कारण केवळ गोलसंख्येत सापडणार नाही. ते त्या काळच्या इटलीच्या सामाजिक स्थितीत शोधावे लागते.

स्किलाची यांचा जन्म १ डिसेंबर १९६४ रोजी पालेर्मोतील एका गरीब कुटुंबात झाला. १९८२ मध्ये ते सिसिलीतीलच मेस्सिना संघात दाखल झाले. त्या वेळी हा संघ व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत खालच्या श्रेणीत होता. पुढील सात वर्षांत संघ दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढला आणि त्याच्याबरोबर हा मध्य आघाडीचा खेळाडूही घडत गेला. १९८८-८९ च्या मोसमात झ्डेनेक झेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २३ गोल केले. त्यानंतर तुरिनच्या युव्हेन्टसने त्यांना करारबद्ध केले. सर्वोच्च श्रेणीतील पहिला सामना खेळताना त्यांचे वय २४ होते. पहिल्याच मोसमात त्यांनी लीगमध्ये १५ गोल केले, तर युव्हेन्टसने १९९० मध्ये इटालियन चषक आणि युएफा चषक असे दुहेरी यश मिळवले.

तुरिन हे मोटार उद्योगाचे शहर. महायुद्धानंतर दक्षिण इटलीतील लाखो लोक रोजगारासाठी तेथे व उत्तरेतील अन्य औद्योगिक शहरांत आले. त्यांच्याविषयीचा दुजाभाव १९९० मध्येही ओसरला नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यातील प्रादेशिक निवडणुकीत, उत्तरेच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणाऱ्या लोम्बार्ड लीगला लोम्बार्डीत सुमारे १९ टक्के मते मिळाली होती. स्किलाची यांनाही प्रतिस्पर्धी प्रेक्षकांकडून चोरीचे टोमणे ऐकावे लागत.

या पार्श्वभूमीवर विश्वचषक इटलीत सुरू झाला. ९ जून रोजी रोम येथे ऑस्ट्रियाविरुद्ध गोल होत नसताना प्रशिक्षक अझेलिओ व्हिचिनी यांनी ७५ व्या मिनिटाला स्किलाची यांना बदली खेळाडू म्हणून उतरवले. तीनच मिनिटांत जान्लुका व्हियाली यांच्या पासवर त्यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. त्यानंतर चेकोस्लोव्हाकिया, उरुग्वे आणि आयर्लंड यांच्याविरुद्धही त्यांनी गोल केले. विस्फारलेले डोळे आणि उंचावलेले हात ही त्यांची मुद्रा घरोघरी पोहोचली. ज्या दक्षिणेला उत्तरेने ओझे मानले, त्याच दक्षिणेचा मुलगा आता सबंध देशाची आशा झाला होता.

उपांत्य सामना ३ जुलै रोजी नेपल्स येथे झाला. प्रतिस्पर्धी अर्जेंटिनाचे कर्णधार दिएगो मॅराडोना हे नापोली संघाचे दैवत. वर्षभर हिणवणारा देश आज एका दिवसापुरते इटालियन होण्यास सांगतो आहे, अशा आशयाचे आवाहन त्यांनी नेपल्सच्या जनतेला केले होते. स्किलाची यांनी १७ व्या मिनिटाला इटलीला आघाडी मिळवून दिली. परंतु क्लाउडिओ कानिज्जिया यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीचा पराभव झाला. दुखणे एकच होते, मात्र त्याची दोन उत्तरे त्या मैदानावर समोरासमोर आली : एकाने ते बोलून दाखवले, दुसऱ्याने निळा गणवेश घालून गोल केला.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध रॉबेर्तो बाज्जिओ यांनी पेनल्टीची संधी स्किलाची यांना दिली. त्या सहाव्या गोलामुळे ते स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमानही त्यांनाच मिळाला.

पुढची वाटचाल मात्र उताराची होती. १९९०-९१ मध्ये लीगमध्ये त्यांचे केवळ ५ गोल झाले. १९९२ मध्ये ते इंटर मिलानकडे गेले, पण तेथेही जुनी लय गवसली नाही. १९९४ मध्ये जपानच्या जुबिलो इवाता संघाशी करार करून ते जे-लीगमध्ये खेळणारे पहिले इटालियन ठरले. निवृत्तीनंतर ते पालेर्मोला परतले आणि तेथे मुलांसाठी फुटबॉल शाळा चालवू लागले.

स्किलाची यांच्या निधनानंतर इटलीत व्यक्त झालेल्या हळहळीला वर्तमानाचीही किनार होती. चार वेळा जगज्जेता ठरलेला हा देश २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांसाठी पात्रच ठरला नाही. भरवशाच्या गोल करणाऱ्या खेळाडूची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. २०२३ मध्ये प्रशिक्षक रॉबेर्तो मान्चिनी यांनी अर्जेंटिनात जन्मलेल्या, आजोळकडून इटालियन असलेल्या मातेओ रेतेगी यांना संघात घेतले. त्यांनी इंग्लंडविरुद्ध पदार्पणातच गोल केला, तोही नेपल्समध्येच.

१९९० मध्ये इटालियन क्लबांना मोजकेच परदेशी खेळाडू खेळवता येत. साहजिकच मोठे संघ खालच्या श्रेणींवर नजर ठेवून असत. १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपीय खेळाडूंवरील ही बंधने उठली. खेळाडूंना न्याय मिळाला, लीग संपन्न झाली. परंतु मेस्सिनाहून तुरिनला जाणारी वाट अरुंद झाली. केवळ या एका कारणाने इटलीची पीछेहाट झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि, चोविसाव्या वर्षापर्यंत खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या गरीब वस्तीतील मुलाकडे आज किती मोठे संघ वळून पाहतील, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. स्किलाची यांचे खरे स्मारक व्हावयाचे असेल, तर ते या प्रश्नाच्या उत्तरातूनच उभे राहील.