अकरा ते तीन



५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली 'लेडीज स्पेशल' लोकल धावली. त्याच वर्षी १ जुलैला मध्य रेल्वेनेही कल्याणपर्यंत अशी गाडी सोडली. तीन दशकं उलटून गेली, तरी मे महिना आला की या गाडीच्या वाढदिवसाच्या बातम्या छापून येतात, 'जगातली पहिली' असा उल्लेख होतो, केक कापतानाचा फोटो असतो. या कौतुकात सामील व्हायला माझी ना नाही. या गाडीमुळे कितीतरी जणींना नोकरी टिकवता आली. पण 'स्पेशल' हा शब्द मला पहिल्यापासून खटकत आला आहे. रोज ठरलेल्या वेळी कामावर जाणारी आणि ठरलेल्या वेळी घरी परतणारी बाई खास कशी काय? नेहमीचा प्रवासी पुरुष आणि बाई मात्र खास, हा हिशेब रेल्वेच्या डोक्यात किती पक्का आहे, ते ऑक्टोबर २०२० मध्ये लख्ख दिसलं.

टाळेबंदीनंतर १५ जून २०२० पासून लोकल पुन्हा सुरू झाली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. परिचारिकांना, पालिकेच्या कामगारांना गाडी मिळाली. बाकीच्या जणी चार महिने एसटी आणि बेस्टच्या रांगांत उभ्या राहिल्या, नाहीतर घरी बसल्या. मग ऐन नवरात्रात राज्य सरकारने ठरवलं की सर्व महिलांना लोकलने जाऊ द्यावं. घटस्थापनेच्या दिवसाचा, १७ ऑक्टोबरचा, मुहूर्त ठरला. तो चुकला. व्यवस्था कशी लावायची यावर रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात पत्रापत्री झाली आणि अखेर २१ ऑक्टोबरला दारं उघडली. वेळ कोणती, तर सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि मग संध्याकाळी सातनंतर.

या वेळा पुन्हा एकदा वाचा. अकरा वाजता नालासोपाऱ्याहून निघून कोणती बाई अंधेरीत कोणाच्या घरी स्वयंपाकाला पोचणार? तिची पहिली पोळी साडेसातला तव्यावर पडायला हवी असते. दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी दहाला हजर नसली तर तिचा खाडा लागतो. कारखान्यात पॅकिंग करणारीची पाळी तर त्याही आधी सुरू होते. आणि सहाला सुटलेल्या बाईने सातपर्यंत फलाटाबाहेर काय करायचं? घरी पाळणाघरातून मूल आणायचं असतं, सातला पाणी येऊन जाणार असतं.

साथ होती, गर्दी टाळायची होती, हे सगळं मान्य. पण गर्दीची वेळ कुणासाठी राखायची आणि रिकामी वेळ कुणाला द्यायची, हे ठरवताना मनासमोर जी बाई होती ती कामावर जाणारी नव्हती. ती दुपारची जेवणं आटोपून खरेदीला, माहेरी, देवदर्शनाला निघणारी होती. केंद्र सरकारची रेल्वे, राज्य सरकारचं मंत्रालय, इतकी टेबलं फिरून आलेल्या त्या निर्णयात एकालाही हे खटकलं नाही. उलट 'महिलांना दिवाळी भेट' अशा थाटात त्याची चर्चा झाली. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांनाच ठराविक वेळांत प्रवेश मिळाला आणि हा विषय मागे पडला.

मला तो मागे पडू द्यायचा नाही, कारण तोच दृष्टिकोन एरवीच्या वेळापत्रकात रोज चालू असतो. १९८९च्या रेल्वे कायद्याचं अठ्ठावन्नावं कलम सांगतं की प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी एक डबा किंवा प्रशासनाला योग्य वाटतील तेवढ्या जागा राखून ठेवाव्यात. 'योग्य वाटतील तेवढ्या'! किती बायका प्रवास करतात त्याच्याशी या जागांचं प्रमाण बांधलेलं नाही. म्हणजे कायद्याने मिळालं ते सगळं मर्जीवर. गाडी नऊ डब्यांची बारा झाली, काही पंधरा झाल्या, पण बायकांचा वाटा किती असावा, तो कशावरून ठरावा, हा प्रश्न कुणी मोकळेपणाने चर्चेला घेतल्याचं आठवत नाही. 'जनरल डब्यात चढायला तुम्हाला कोणी अडवलंय?' असं वर विचारलं जातं. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर एकदा उभं राहून हा प्रश्न विचारावा.

वेळेची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना रात्री साडेनऊनंतरही काम करण्याची वाट खुली केली. अट अशी की तिची संमती हवी आणि मालकाने संरक्षणाची, घरी पोचवण्याची सोय करायला हवी. मोठ्या कंपन्या मोटार पाठवतात. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानातल्या मुलीला कोण मोटार देणार? ती धावत स्टेशन गाठते. तिथे महिला डब्यांपैकी काहींवर 'चोवीस तास' अशी पाटी असते आणि काही डबे ठराविक वेळेनंतर सर्वांसाठी खुले होतात. सगळ्यांत कमी बायका आणि सगळ्यांत जास्त धास्ती ज्या वेळेला, नेमकी त्याच वेळेला जागा कमी होते. ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या चालत्या लोकलमध्ये, सहप्रवाशांच्या डोळ्यांदेखत एका मतिमंद अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. त्यानंतर रात्रीची गस्त, कॅमेरे, डब्यातून गार्डशी बोलायची यंत्रणा असं बरंच काही येत गेलं. पण काही घडलंच तर आजही आधी समजून घ्यावं लागतं की रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे. गाडी चालत असते, हद्द बदलत असते. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो नोंदवून घेणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे प्रत्येकीने पाठ करून ठेवावं. मदतीचा क्रमांक १३९.

स्वच्छतागृहांबद्दल लिहायला घेतलं तर हा अंक पुरणार नाही. दीड-दोन तासांच्या प्रवासासाठी निघताना पाणी न पिणाऱ्या बायका आपल्यातच आहेत, एवढंच म्हणते.

रेल्वे आपल्याला काही चांगलं दाखवत नाही असं नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. २००० साली त्यांनी लेडीज स्पेशल चालवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. माटुंगा स्टेशन २०१७ पासून संपूर्णपणे बायका चालवत आल्या आहेत. अभिमान वाटतोच. पण स्टेशन चालवणारी बाई चालते, मग डबे किती आणि गाड्या कधी हे ठरवणाऱ्या खोलीत प्रवासी बाईचं म्हणणं का पोचत नाही?

'हा मुंबईकरांचा प्रश्न' असं वाटणाऱ्या मैत्रिणींना आठवण करून देते की पुणे–लोणावळा लोकलही मध्य रेल्वेच चालवते आणि तिथे तर दुपारी गाड्यांमध्ये कितीतरी तासांची पोकळी राहिल्याची ओरड जुनी आहे.

दाद मागून काही होत नाही, असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या घुसवल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी उभे राहिले आणि मध्य रेल्वेला नव्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. सेकंड क्लासचा पास काढणाऱ्या बायकांना त्या गाडीचा उपयोग नव्हता, त्यांची नेहमीची गाडी मात्र गेली होती.

आपल्याला मागायचं आहे ते साधं आहे. स्त्री प्रवाशांची तासागणिक मोजणी करा आणि ती प्रसिद्ध करा. डबे त्या प्रमाणात द्या. रात्री शेवटच्या गाडीपर्यंत महिलांचे सगळे डबे महिलांचेच ठेवा. पाळ्या सुटण्याच्या वेळा विचारात घेऊन गाड्या सोडा.

मोजणी त्यांनी केली नाही तर सुरुवात आपण करू. हा अंक हाती पडल्यावर एक आठवडा आपापल्या स्टेशनवर टिपणं ठेवा: तारीख, गाडीची वेळ, महिला डब्यात चढता आलं की नाही, किती गाड्या सोडाव्या लागल्या, रात्री डब्यात पोलीस होता का. घरकाम करणाऱ्या, टोपल्या घेऊन लगेजच्या डब्यातून जाणाऱ्या, पाळीवर जाणाऱ्या मैत्रिणींना लिहिणं जमत नसेल तर त्यांच्याशी बोलून तुम्ही लिहून घ्या. साध्या कागदावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढचा अंक छपाईला जाण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत आलेली सगळी टिपणं एकत्र करून आम्ही दोन्ही रेल्वेंच्या महाव्यवस्थापकांकडे नेणार आहोत. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी पत्रात तसं कळवावं. भेटीची वेळ मात्र आपण सकाळी अकरा ते तीनमधली मागायची नाही. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकजणी कामावर असतात.