रद्दी कोणाला म्हणता?

जुन्या नाटकांची हँडबिलं जमवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यांना फक्त मोठी नावं हवीत. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’चं आहे का? बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच कागदावर आहेत का? मी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरचा. माझ्या पेटीत आहेत ती जत्रेत जीपमधून उधळलेली तमाशाची हँडबिलं, पातळ गुलाबी-पिवळ्या कागदाची. ‘ही तर रद्दी’, असं मला ऐकवलं जातं.

संयुक्त ‘मानापमान’वर भरपूर लिहून झालंय. नाटक छापलेलं आहे, नटांची चरित्रं आहेत. त्याचं हँडबिल उद्या जळालं तरी तो प्रयोग इतिहासातून जाणार नाही. पण फडात गवळण म्हणणाऱ्या, वगात राणी होणाऱ्या बाईचं काय? बहुतेक वग छापलेच जात नाहीत, निम्मे संवाद तर बोर्डावर उभं राहूनच सुचतात. तिचं नाव छापलं जातं ते या कागदावर. तो चुलीत गेला की तिने काम केल्याचा पुरावाही गेला. मग आपण म्हणायला मोकळे, की मराठी रंगभूमी म्हणजे पुणे-मुंबई.

अमेरिकेत १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनवर गोळी झाडली गेली. त्या रात्रीच्या नाटकाच्या हँडबिलाला, तिकडच्या भाषेत प्लेबिलला, इतका भाव आला की बनावट प्रती निघाल्या. नुसत्या नावामागे धावलं की असं होतं. पण त्याच देशात हार्वर्ड विद्यापीठाने साध्यासुध्या प्रयोगांची प्लेबिलंही जपली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. हँडबिल त्या कायद्यात बसत नाही. म्हणजे ते सांभाळायची जबाबदारी कोणाचीच नाही.

‘पण त्यावर वर्षच नसतं,’ हा जाणकारांचा नेहमीचा आक्षेप. अहो, तारीख आणि वार तर असतो! तीच तारीख त्याच वारी पुन्हा यायला ५, ६ किंवा ११ वर्षं लागतात. तिकिटाचा दर बघा, फोन नंबरात आकडे किती ते मोजा, खाली छापखान्याचं नाव वाचा. बहुतेक वेळा वर्ष हाती लागतं. थोडे कष्ट पडतात, एवढंच.

तुमच्या खिशात मोबाईल आहे. आजीच्या ट्रंकेत, किराणा दुकानाच्या फळीवर असा कागद दिसला तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुठे सापडला ते लिहून ठेवा. लॅमिनेट मात्र करू नका, ते पुन्हा सुटत नाही. आणि सगळ्यात लहान टाइपात छापलेली नावं आधी वाचा. ती दुसरीकडे कुठे सापडायची नाहीत.